कुरण किती दिवस पुरेल? दुष्काळी वर्षातल्या एका गायरानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

६ जुलै २०१८ रोजी नागपुरात इतका पाऊस कोसळला की विधानभवनात पाणी शिरलं आणि पावसाळी अधिवेशनाचं त्या दिवसाचं कामकाज थांबवावं लागलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे काटोल, नरखेड आणि कळमेश्वर होते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन बातम्या चार महिन्यांच्या आत आल्या. एका दिवसात धो धो येऊन वाहून जाणारा पाऊस वेगळा आणि गवताला लागणारा, थांबून थांबून येणारा पाऊस वेगळा, हे त्या वर्षी आम्ही फार जवळून पाहिलं.

हे प्रकरण त्याच पट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

गाव बेसाल्टच्या ठेंगण्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. खाली काळी जमीन, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि थोड्या संत्र्याच्या बागा. वर चढत गेलं की मुरमाड, दगडाळ बरड. जनावरं चरायला जातात ती सुमारे १४० हेक्टर जागा या बरडावर आणि त्याच्या उतारावर पसरलेली आहे. तिचा थोडा भाग ई-क्लास, म्हणजे चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, म्हणून नोंदलेला, बाकीचा झुडपी जंगल. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की झुडपी जंगल ही पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांच्या महसुली दप्तरातली जुनी नोंद आहे. शेतीला अयोग्य, खुरटी झुडपं आणि गवत असलेली, पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायला वापरात असलेली जमीन म्हणजे झुडपी. ही जमीन वन आहे की नाही, हा वाद अनेक दशकं चालला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनच आहे असा निकाल दिला. २०१८ मध्ये मात्र ती गावाच्या लेखी गावाचीच होती आणि कागदावर कोणाची हे धड कोणी सांगू शकत नव्हतं.

गावात तेव्हा सुमारे २२० गुरं होती. बहुतेक गवळाऊ रक्ताची, काटक आणि हलक्या अंगाची, शिवाय थोड्या नागपुरी म्हशी. रोज सकाळी सगळी आखरावर, म्हणजे गुरं एकत्र करायच्या जागेवर, जमत आणि गायकी, म्हणजे गावाची गुरं राखणारे, त्यांना बरडावर घेऊन जात. हे गायकीकाका या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे माणूस आहेत, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

आमचा गट छोटा होता. नागपुरातून सामायिक जमिनींवर काम करणारी आम्ही चार माणसं. त्यांतल्या दोघांना उपग्रह-प्रतिमा हाताळता येत होत्या, मी त्यांतली एक.

प्रश्न

त्या वर्षी ९ सप्टेंबरला पोळा होता. बैल सजले, पण लोकांच्या बोलण्यात गवत होतं. जुलैच्या उत्तरार्धात पावसानं खंड दिला होता, पुन्हा थोडा आला, आणि पोळ्यानंतर तर जवळजवळ नाहीच. एरवी गुडघ्यापर्यंत येणारं पवन्या आणि मारवेल गवत वीतभर वाढून थांबलं होतं. कुसळी गवताला वेळेआधी तुरे येऊ लागले होते. पाणी तुटलं की गवत वाढ सोडून बी धरायच्या मागे लागतं. कुसळीची टोकदार कुसळं एकदा तयार झाली की ती गुरांच्या तोंडात रुततात, मग तेच गवत समोर असूनही जनावर टाळतं. म्हणजे दुष्काळात गवत कमी येतं आणि जे येतं तेही लवकर निरुपयोगी होतं.

पोळ्यानंतर दोन-तीन दिवसांनी गावच्या समितीचे अध्यक्ष आम्हाला भेटले. त्यांनी विचारलं, ‘‘वरून पाहून सांगता येते का, गवत किती दिवस पुरंन?’’ आम्ही हिरवळीचा निर्देशांक, सरासरीच्या तुलनेत घट, असं काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. ‘‘टक्के नका सांगू जी, दिवस सांगा.’’

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे तीन निर्णय अडकले होते. पहिला, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) आणि पूर्वेकडच्या धानपट्ट्यातली तणस (भाताचा पेंढा) आत्ता घ्यायची की नंतर. दुष्काळ जाहीर झाला की दोन्हींचे भाव चढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी घरोघरी ज्वारीचा कडबा असे, पण सोयाबीन आणि कापसानं ज्वारीला मागे ढकललं तसा घरातला कडबाही गेला. दुसरा निर्णय, कुरणाचा काही भाग बंद ठेवून गवत कापायचं की सगळंच चरायला मोकळं सोडायचं. तिसरा, पीक निघाल्यावर दरवर्षी मेंढ्या घेऊन येणाऱ्या कच्छी मेंढपाळांना यंदा काय सांगायचं. जनावरं कमी करणं हा पर्याय लोकांनी जवळजवळ बोलूनही दाखवला नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं होतं, आणि दुष्काळात धट्ट्याकट्ट्या बैलाचाही भाव पडतो.

तिन्ही निर्णय सप्टेंबरअखेर व्हायला हवे होते. आमच्या हाती जेमतेम तीन आठवडे होते.

विचारात घेतलेले पर्याय

सरकारी दुष्काळ यंत्रणेकडे उपग्रहाची माहिती असतेच. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाच्या तुटीसोबत पिकांची हिरवळ, पानांतला ओलावा, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र हे सगळं पाहिलं जातं. पण तिथे एकक तालुका, आणि नजर पिकांवर. बरडावरच्या १४० हेक्टर गवताबद्दल त्या आकड्यांतून काही कळण्यासारखं नव्हतं. ती यंत्रणा वेगळ्या प्रश्नासाठी उभी केलेली आहे.

दुसरा पर्याय मोडिसचा. टेरा उपग्रहावरच्या या संवेदकाच्या नोंदी २००० पासूनच्या आहेत, म्हणजे यंदाचं साल मागच्या अठरा वर्षांशी ताडून पाहता येतं. दुष्काळ म्हणजे ‘नेहमीपेक्षा किती कमी’ हेच मोजायचं असल्यानं इतका लांब इतिहास फार मोलाचा असतो. अडचण चौकटीच्या आकाराची. मोडिसची एक चौकट, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान ठिपका, २५० मीटर बाजूची, म्हणजे सव्वासहा हेक्टरची. आमच्या कुरणावर अशा बावीस-तेवीस चौकटी बसत होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त चौकटींत पळसाची झुडपं, नाला नाहीतर बाजूचं कापसाचं शेत शिरत होतं. पाहिलं तर हिरवळ सरासरीपेक्षा थोडीच खाली दिसत होती. बरडावर उभं राहून पाहणाऱ्या कोणालाही ते पटलं नसतं.

तिसरा पर्याय अभ्यासकांचा आवडता. शास्त्रज्ञ मॉन्टिथ यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वनस्पतीची वाढ तीन गोष्टींच्या गुणाकारातून काढता येते: सूर्याकडून आलेला प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश, त्यातला पानांनी शोषलेला वाटा, आणि शोषलेल्या प्रकाशाचं वजनात रूपांतर करण्याची कार्यक्षमता. पहिल्या दोन गोष्टी उपग्रह आणि हवामानाच्या नोंदींतून मिळतात. सगळी गोम तिसरीत आहे. पाण्याच्या ताणात ही कार्यक्षमता घसरते, कारण पान हिरवं असलं तरी रंध्रं मिटून बसतं. ती किती घसरली हे आमच्या बरडाच्या उथळ मातीसाठी कोणी मोजलेलं नव्हतं. शिवाय या सूत्रातून एकूण वाढ मिळते. त्यातून श्वसन वजा करा, मुळांत गेलेला वाटा वजा करा, मग उरलं ते जमिनीवरचं गवत. प्रत्येक पायरीवर एक गृहीतक. तीन आठवड्यांत हे करणं म्हणजे गावाच्या निर्णयाखाली न तपासलेला पाया घालणं होतं.

आम्ही निवडला तो चौथा मार्ग: सेंटिनेल-२ च्या प्रतिमा आणि प्रत्यक्ष कापून, वाळवून, तोलून काढलेलं गवत. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकदा त्याच जागेवरून जातात. त्यांची लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांतली चौकट फक्त दहा मीटरची आणि प्रतिमा फुकट. उणीव अशी की पहिला उपग्रह २०१५ चा, दुसरा २०१७ चा. तीन वर्षांच्या इतिहासावर ‘सरासरी’ हा शब्द वापरायलाही संकोच वाटतो. म्हणून आम्ही ठरवलं की तुलना करायचीच नाही. यंदा आज उभं गवत किती, एवढंच काढायचं.

मागे वळून पाहताना मला हा निर्णय बरोबर वाटतो. मात्र त्याचा एक अर्थ आम्ही तेव्हा नीट मांडला नाही. उभं गवत म्हणजे उत्पादकता नव्हे. जूनपासून गुरं चरतच होती. जे त्यांच्या पोटात गेलं ते आमच्या कात्रीत येणार नव्हतं. गावाला शिल्लक हवी होती म्हणून भागलं, पण ‘यंदा कुरणानं किती दिलं’ या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे त्या वर्षी नव्हतंच.

मोजणी आणि पहिला नकाशा

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही बारा तुकडे निवडले. प्रत्येक तुकडा साधारण तीस मीटर लांब-रुंद आणि एकसारख्या गवताचा. मोबाइलवरचं स्थान पाच-सात मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून तुकडा उपग्रहाच्या चौकटीपेक्षा मोठा असावा लागतो. प्रत्येकात एक मीटरच्या चार लोखंडी चौकटी टाकल्या, गवत बुडापासून कापलं, पिशव्यांत भरलं. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ओव्हनमध्ये ६५ अंशांवर दोन दिवस वाळवून तोललं. हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला जितके ग्रॅम, त्याच्या दहापट हेक्टरी किलो.

उपग्रहाकडून घ्यायचं ते एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक. अवरक्तातून लाल वजा करायचं आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त परतवतं, म्हणून हिरवळ वाढली की आकडा वाढतो. विरळ गवतात मात्र मधली माती बोलते. सारखंच गवत काळ्या मातीवर असलं तर एनडीव्हीआय जास्त येतो, फिकट मुरमावर असलं तर कमी. आमच्या कुरणात दोन्ही होत्या, म्हणून मातीचा परिणाम कमी करणारा सुधारित निर्देशांक, सॅव्ही, घेतला. ढगांनी काही प्रतिमा वाया घालवल्या. रडारची सेंटिनेल-१ ढगांतून पाहू शकते, म्हणून तीही उघडून पाहिली, पण वीतभर विरळ गवतापेक्षा जमिनीच्या ओलीचाच आवाज तिच्यात मोठा होता, ती बाजूला ठेवली.

स्वच्छ प्रतिमा मिळाली, बारा तुकड्यांशी नातं जुळवलं, नकाशा तयार झाला. सरासरी हेक्टरी १,४०० किलो वाळलेलं गवत. १४० हेक्टरांचे १,९६,००० किलो. त्यातलं निम्मंच चरू द्यावं, उरलेलं मुळांसाठी आणि मातीसाठी राखावं हा कुरणशास्त्रातला सर्वमान्य आडाखा, म्हणून ९८,००० किलो. गवळाऊसारख्या हलक्या जनावराला दिवसाला सहा किलो कोरडा चारा धरला, तर २२० गुरांना १,३२० किलो. भागाकार ७४ दिवस.

७४ दिवस म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत. आकडा पाहून आम्हालाच हायसं वाटलं. तो तसाच गावाला सांगितला असता तर कुटार कोणी घेतलं नसतं. आजही हे लिहिताना त्या संध्याकाळची आठवण नकोशी वाटते.

गायकीकाकांसोबतचा दिवस

गणपती विसर्जनानंतर नकाशाची प्रत घेऊन मी गायकीकाकांसोबत कुरणात गेले. हेतू पडताळणीचा होता, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तो उपचारच वाटत होता. आखरापासून निघालो. नकाशातला सर्वांत गर्द हिरवा पट्टा तिथूनच सुरू होत होता. काका थांबले. ‘‘ताई, हा हिरवागार कोपरा तं तरोट्याचा हाय. ढोर त्याले तोंड नाही लावत.’’

तरोटा इकडे सगळ्यांना माहीत आहे. मृग-आर्द्रात कोवळ्या पानांची भाजी माणसं आवडीनं खातात, पण गुरं त्याला शिवत नाहीत. म्हणून जिथे गुरांची वर्दळ जास्त, तिथे गवत संपतं आणि तरोटा माजतो. त्याची पानं रुंद आणि आडवी, त्यामुळे थोड्याशा वजनालाही निर्देशांक भरघोस येतो. आमच्या नकाशात कुरणाची सर्वांत उजाड जागा सर्वांत समृद्ध दिसत होती.

पुढे रानतुळशीचे पट्टे, नाल्याकाठी घाणेरीची जाळी, पळसाची झुडपं. काका बोट दाखवत गेले, मी मोबाइलवर सीमा आखत गेले. मग बरडावर चढल्यावर दुसरी चूक उघडी पडली. आमचे बाराही तुकडे बैलबंडीच्या वाटेजवळ, उताराच्या खालच्या अंगाला, जिथे माती खोल असते तिथे होते. वर वीतभर मातीवर गवत बोटभर होतं आणि पिवळं पडू लागलं होतं. चालायला सोपं तिथे आम्ही मोजलं होतं.

पाच दिवसांत तीन गोष्टी केल्या. बरडावर आणखी बारा तुकडे कापले. काकांनी दाखवलेला तरोटा आणि रानतुळस नकाशातून वगळली. झुडपांसाठी मे महिन्यातली जुनी प्रतिमा काढली. मे महिन्यात गवत वाळून पांढरं झालेलं असतं, तेव्हा जे हिरवं दिसतं ते झाड-झुडूप. पळसालाही तोवर नवी पानं फुटलेली असतात. ही युक्ती फार उपयोगी पडली. सगळं मिळून ४५ हेक्टर वजा झाले.

उरले ९५ हेक्टर, सरासरी हेक्टरी १,१०० किलो. एकूण १,०४,५०० किलो, निम्मे ५२,२५० किलो, आणि दिवस ४०. ७४ चे ४०.

यातही हेक्टरी अडीचशे किलोंची चूक दोन्ही बाजूंना संभवत होती. म्हणजे खरं उत्तर ३१ ते ४९ दिवसांमध्ये कुठेतरी. गावाला पल्ला सांगायचा की एक आकडा, यावर आमच्यात रात्री उशिरापर्यंत वाद झाला. शेवटी ‘साधारण चाळीस’ सांगायचं ठरलं. मी तेव्हा त्याच बाजूची होते. आता वाटतं, ३१ सांगायला हवे होते. गवत दहा दिवस उरलं तर गावाचं नुकसान होत नाही, दहा दिवस आधी संपलं तर जनावर उपाशी राहतं. चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते तेव्हा मधला आकडा हा तटस्थ आकडा ठरत नाही.

ग्रामसभा

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावला. चाळीस दिवस म्हणजे दिवाळीपर्यंत, हे लोकांनीच मोजलं. चर्चा लगेच कुरणबंदीवर आली. नकाशात पवन्या-मारवेलचा ३० हेक्टरांचा एक सलग तुकडा उठून दिसत होता, हेक्टरी सुमारे १,५०० किलोंचा. तो बंद करून फुलोऱ्यात कापला तर चांगला चारा हाती येणार होता. कुसळीसारखं बी पडेपर्यंत थांबलं तर नुसती काडी उरते. पण तो तुकडा बंद केला की उरलेल्या ६५ हेक्टरांवर गुरं फक्त २२ दिवस काढणार, म्हणजे कोजागिरीपर्यंत. आज पोट मारायचं आणि मे महिन्यासाठी ठेवायचं, असा तो सौदा होता.

दोन तास लोक बोलले. ज्यांच्याकडे शेत होतं त्यांना सोयाबीनचं कुटार आणि कापणीनंतरचं रान मिळणार होतं, त्यांना बंदी परवडत होती. ज्यांच्याकडे दोन गाई आणि शेत नाही, त्यांना ती सोसणार नव्हती. शेवटी भूमिहीन घरांना समितीनं आधी कुटार उधार द्यायचं या अटीवर बंदी मान्य झाली. उपग्रहाला यातलं काही दिसत नाही, आणि सभा याच मुद्द्यावर तुटता तुटता राहिली.

मग मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, ‘‘या नकाशात आमच्या शेळ्या कुठी हायेत?’’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही गुरं मोजली होती, शेळ्या नाहीत. गावात दीडशेच्या वर शेळ्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या भूमिहीन बायकांच्या. शेळी पाला जास्त खाते म्हणून तिला गवताच्या हिशेबाबाहेर ठेवलं, असं आम्ही म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. आम्ही वगळलेल्या ४५ हेक्टरांतली झुडपं हेच त्या शेळ्यांचं कुरण होतं. ‘निरुपयोगी’ म्हणून आम्ही जिथे राखाडी रंग भरला होता, तिथे त्या बाईंचं घर चालत होतं.

मेंढपाळांचा निर्णय त्याच सभेत पाच मिनिटांत झाला. नकाशाकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणालं की आपल्यालाच पुरत नाही, यंदा कोणाला येऊ द्यायचं नाही. हात वर झाले. मी काही बोलले नाही, आणि याचं मला आजवर वाईट वाटतं. मेंढपाळ डिसेंबरनंतर येतात, तोवर आमच्या हिशेबातलं गवत संपलेलंच असणार होतं. त्यांच्या मेंढ्या मुख्यतः निघालेल्या शेतांत बसतात आणि लेंडीखत देऊन जातात. त्यांच्या येण्याशी आमच्या चाळीस दिवसांचा संबंध नव्हता. नकाशानं न विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर दिल्याचा भास निर्माण केला, आणि तो भास दूर करायचं काम आमचं होतं.

परिणाम

बंद न केलेल्या भागावर २२ दिवसांचा अंदाज होता, गुरं तिथे २८ दिवस चरली. ऐकायला अंदाज जवळचा वाटतो, पण कारणं पाहिली तर समाधान वाटत नाही. दसऱ्याच्या आसपास काही घरांनी मिळेल त्या भावात जनावरं विकली, कळप लहान झाला. सोयाबीन निघालेल्या शेतांत गुरं अधूनमधून गेली. निम्मं गवत राखायचा नियम तर शेवटच्या आठवड्यात कोणीच पाळला नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून आकडा जुळला.

३० हेक्टरांतून आम्ही २७ टन वाळलेलं गवत मिळेल असं म्हटलं होतं. मिळालं सुमारे १७ टन. बंड्या मोजल्या, त्यांतल्या काही तोलल्या, त्यावरून हा आकडा. तूट गवताची नव्हती, हातांची होती. पवन्या फुलोऱ्यात येतो तेव्हाच सोयाबीनची कापणी आणि कापसाचा पहिला वेचा असतो. मजुरी शेतात जास्त मिळत होती. तुकड्याचा तिसरा हिस्सा कापायचा राहिला आणि बी पडून गेलं.

१७ टन म्हणजे सगळ्या कळपाचे फक्त तेरा दिवस. समितीनं शहाणपणानं तो चारा मे महिन्यापर्यंत झाकून ठेवला आणि फक्त बैलांना आणि गाभण-दुभत्या जनावरांना दिला. त्यांचा मे त्यावर निघाला. कुटाराची आगाऊ खरेदी हे मात्र निर्विवाद यश. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतल्यामुळे ते आवाक्यात मिळालं, दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळालं नसतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा नकाशा काढला तर सॅव्हीनं सगळीकडे जवळजवळ शून्य दाखवलं. कुरणात मात्र काही भागात वाळलेली कुसळी उभी होती, निकृष्ट पण पोट भरणारी. हा निर्देशांक फक्त हिरवं पाहतो. वाळलेल्या गवतासाठी लघुलहरी अवरक्ताचे पट्टे लागतात. ते सेंटिनेल-२ वर वीस मीटरच्या चौकटीत आहेत. तेव्हा आम्हाला ते वापरायचं सुचलं नाही.

मेंढपाळ शेजारच्या गावावरून वळून गेले. त्या उन्हाळ्यात तिघा-चौघा शेतकऱ्यांनी लेंडीखत मिळालं नाही म्हणून आमच्याकडे तक्रार केली. ती रास्त होती.

आज हेच करायचं तर

सुरुवात गायकीसोबत चालण्यापासून व्हायला हवी, नकाशा त्यानंतर. आम्ही उलट केलं आणि आठवडा वाया घालवला. काकांना त्या दिवसांची मजुरी द्यायचंही आमच्या अंदाजपत्रकात नव्हतं, नंतर दिली. ती आधीच धरलेली असायला हवी.

तुकडे जूनमध्येच नेमून, त्यांतल्या काहींभोवती बोरीच्या काट्याचं कुंपण घालायला हवं. आतलं गवत म्हणजे कुरणानं दिलेलं, बाहेरचं म्हणजे उरलेलं, आणि फरक गुरांनी खाल्लेला. एवढं केलं तरच ‘दुष्काळानं उत्पादकता किती घटली’ यावर बोलता येतं. तेच तुकडे पुढच्या चांगल्या वर्षीही कापावे लागतात. दुष्काळाच्याच वर्षी मोजायला सुरुवात केली की तुलनेला काही हाती राहत नाही. आता सेंटिनेल-२ च्या नोंदींनाही वय आलं आहे, २०१८ मध्ये जी तुलना आम्ही टाळली ती आज टाळायचं कारण नाही.

झुडपी जागेवर बंदी घालण्याचा प्रश्न २०२५ च्या निकालानंतर नव्यानं उभा आहे. २०१८ मध्ये गावानं आपापसांतल्या संमतीवर ती घातली. आज तसा निर्णय घेताना वनविभागाला सुरुवातीपासून सोबत घ्यावं लागेल, आणि गावाचा तिथला चराईचा वापर किती व कसा आहे याचा लेखी पुरावा हातात असलेला बरा. असे नकाशे आणि तोललेल्या गवताच्या नोंदी त्या कामी येतील, असं मला वाटतं.

२०१९ मध्ये पाऊस बरा झाल्यावर आम्ही चोवीसपैकी सात तुकडे पुन्हा कापले, आणि या वेळी यादीत शेळ्यांच्या पाल्याचे तीन तुकडेही घेतले. ते निवडायला ग्रामसभेतल्या त्या बाई आल्या होत्या. सीमेच्या दगडांना लावलेला चुना आता धुऊन गेला आहे. गायकीकाका थकले, गुरं त्यांचा मुलगा नेतो. त्याला दहाही जागा पाठ आहेत.